घळीत दोर बांधायचा नसतो

माझ्या मावशीला बंदरावरचा अख्खा धक्का 'दांडगी' म्हणायचा, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? नवरा गेल्यावर तिनं त्याची शिडाची होडी विकली नाही, स्वतःच चालवायला घेतली. बेटाबेटांवर पीठ, रॉकेल, औषधं पोचवायची. बेटं कसली, समुद्रातून वर आलेले काळे कडे नुसते. झाड नाही, सावली नाही. आणि तिच्यासोबत हातात बांबू घेऊन पुढच्या टोकावर मी.

वाटेत दोन कड्यांमधली घळ लागायची. तिथं वारा वरून कोसळतो, कधी या गालावर, कधी त्या. शिडाचा दोर एरवी खुंटीला बांधून निवांत बसावं, पण घळीत बांधला की पहिल्याच झोताला होडी आडवी. म्हणून तो हातात धरायचा, सैल करायचा, ओढायचा. दुसऱ्या हातात सुकाणू. मी पुढे खडक बघून ओरडायचं, जवळ आला की बांबूनं होडी लांब ढकलायची. "घळीत नाक पुसायलाही हात नसतो," मावशी म्हणायची.

तिची एकुलती एक मुलगी, माझी ताई, पलीकडच्या बेटावर दिली होती. दाजीही होडीवालाच. तोंडात साखर, हात मात्र लगेच उठायचा. एकदा पीठ उतरवायला गेलो तर ताई बोचकं घेऊन पाण्याकाठी उभी. अर्धा चेहरा काळानिळा.

मावशीनं तिच्या हातातलं बोचकं घेतलं. "चढ," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दाजी धावत आला. हात जोडले. "सासूबाई, चुकलं माझं. मी सोडायला येतो तिला. चार लोकांत माझी लाज राखा."

"मावशी, याला घेऊ नकोस," मी म्हटलं. पण लेकीचा संसार सावरेल, अशी आशा तिला असणारच. त्या आशेपुढं दांडगीचंही काही चाललं नाही. दाजी होडीत बसला.

वाटभर मेला गोड बोलत होता. माझ्या बांबूची थट्टासुद्धा केली. घळीच्या तोंडाशी मावशीनं खुंटीवरचा दोर सोडून हातात घेतला, आणि हा उठला. याच क्षणाची वाट बघत होता हलकट! जन्म गेला होता त्याचा या पाण्यात. आता आमच्यातल्या एकीचाही हात मोकळा होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिला ठोसा मी नुसता ऐकला. मग ताईचं डोकं फळीवर आपटल्याचा आवाज आला. "पळून जातेस? बोलाव आईला! बोलाव ना!" तो ओरडत होता.

"आई! आई गं!"

मी वळले. ताईच्या कानातून रक्त येत होतं आणि तो तिचे केस धरून पुन्हा आपटत होता. मावशी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली. नजर समोरच्या खडकांवर. दोर तळव्यात रुतून रक्त मनगटापर्यंत आलेलं. ती माझ्यावरच खेकसली, "पुढं बघ!"

"डावीकडे खडक!" मी रडत ओरडले. "आता उजवीकडे!" मागे धपाधप चालूच होतं.

पण एक गोष्ट तो विसरला. त्याच्या घरून तो नेहमी भरतीत निघायचा, उलट्या पाण्यात, म्हणून घळ त्याला लांबलचक वाटायची. त्या दिवशी ओहोटीचं पाणी आम्हाला ढकलत होतं. त्याचं पोट भरायच्या आत समोर उघडा समुद्र आला.

मावशीनं दोर खुंटीला बांधला. "पोरी, सुकाणू धर," मला म्हणाली आणि वल्हं उचललं. त्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता! तिनं डोक्यात घातलं नाही. आधी उजव्या हातावर घातलं, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या, बोटं वाकडी होईपर्यंत.

"सासूबाई, मेलो!"

"मरत नाहीस. पण यापुढं दोर धरणार नाहीस आणि केसही धरणार नाहीस."

पुढच्या बेटाच्या धक्क्यावर चार लोकांसमोर त्याला फेकला. मला विचाराल तर कमीच मारलं.

ताई वाचली. पिठाच्या गोदामावरच्या खोलीत डोक्याला पट्ट्या बांधून पडली होती. मावशी फडकं गुंडाळलेल्या हातानं तिला चमच्यानं पाणी पाजत होती. ताईनं चमचा दूर सारला.

"आई, तू हातभर अंतरावर होतीस."

"हात सोडला असता तर तिघी बुडालो असतो, बाळा."

"ते कळतं मला. होडीवालीचीच मुलगी आहे मी. पण एकदा माझ्याकडे बघायचंस तरी. बघायला कुठं हात लागतो?"

मावशीनं चमचा पुन्हा तिच्या तोंडाशी नेला. पाणी चादरीवर सांडत होतं. ताईनं भिंतीकडे तोंड केलं, रक्त आलेला कान आमच्याकडे.

"बघितलं असतं," मावशी शेवटी म्हणाली, "तर दोर सोडला असता गं."

ताई हलली नाही. मावशीनं तेच पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, आणि ती दांडगी बाई माझ्यासमोर हमसून हमसून रडली.