एलियाहूच्या रथाचे बैल

अकोल्याच्या स्टेशनामागे, भाड्याच्या दोन खोल्यांत रिबकाबाई किहिमकर राहायची. मुलींच्या शाळेत ती चित्रकला आणि शिवण शिकवायची. नवरा रेल्वेत गार्ड होता. तो गेला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. गावाला ती ख्रिश्चन वाटायची, कोणी पारशी म्हणायचं. पहिली काही वर्षं ती सांगत राहिली, आम्ही बेने इस्राएल, यहुदी, मूळचे कोकणातल्या कुलाब्याकडचे, शनिवार पाळतो. मग तिनं सांगायचं सोडलं. आपण कोण हे रोज सांगावं लागलं की माणसाचा घसा बसतो.

तिच्या ओळखीत यहुद्यांची अकोल्यात चार घरं होती, अमरावतीत दोन. सगळी रेल्वे-पोस्टाच्या बदल्यांवर आलेली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते कधीच जमले नाहीत. १९५३ साली तारमास्तर बिन्यामिन नागावकरांची सात वर्षांची दिना तिला विचारती झाली, "बाई, सगळ्यांच्या घरी कोनाड्यात देव असतो. आपला कुठं ठेवलाय?"

रिबकाबाईनं अंगणातल्या काळ्या मातीचा गोळा भिजवून पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, "शोध."

तिथून तो वर्ग सुरू झाला. दर शुक्रवारी दुपारी पाच मुलं यायची. ती त्या आठवड्याची गोष्ट सांगायची, नोहाची, योसेफाची, आणि मुलं मातीतून काहीतरी घडवायची. सूर्य जिनिंग फॅक्टरीच्या चिमणीमागे गेला की ती म्हणायची, "हात वर." मग हात धुवायचे. जे अर्धं राहिलं ते अर्धंच ठेवायचं, कारण शब्बाथ लागला, आता शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत कामाला बंदी. ती काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावायची. शनिवारी सकाळी मुलं परत येऊन त्या अर्ध्या वस्तूंपुढे मांडीवर हात ठेवून बसायची. शेमा ही प्रार्थना म्हणायची आणि मग गप्प. बऱ्याच वेळानं ती एकेकाला विचारायची, "तुझ्या हाताला काय वाटतंय?"

"खाजवतंय," एकदा दिना म्हणाली. "शिंग लावावंसं वाटतंय."

"मग तेच ते," रिबकाबाई म्हणाली. "लावावंसं वाटतं आणि लावायचं नाही. देवही सातव्या दिवशी असाच बसला होता."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, कोणत्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. शनिवारची सकाळ शाळेनं तिला सोडली होती, त्याबदली ती रविवारी मुलींचं भरतकाम तपासत बसायची.

शेजारी दुर्गाबाई राहायची, गँगमन देवमनची बायको. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तिनं घरातले देव टोपलीत भरून मोर्णा नदीत सोडले होते. शनिवारी ती कुंपणाशी येऊन उभी राहायची.

"काहून व बाई, पोरं काय पायतेत एवढं?"

"काही नाही."

"आमीबी आता डोये मिटून बसतो. पन मले तं चुलीवरची भाजीच दिसते," दुर्गाबाई म्हणायची आणि स्वतःच हसायची. पाच वर्षांत त्या वर्गाबद्दल दुसऱ्या कोणी एवढीही विचारपूस केली नाही.

अठ्ठावन्न साली मुंबईच्या एका समितीचं पत्र आलं. बाहेरगावच्या मुलांसाठी धर्मशिक्षक नेमायचे होते. समितीचे शिमशोन चेऊलकर रविवारी येऊन वर्ग पाहणार. पसंत पडला तर प्रार्थनेची पुस्तकं मिळणार, अमरावतीची मुलंही तिच्याकडे येणार आणि नेमणुकीचा सहीशिक्क्याचा कागद येणार. नापसंत पडला तर वर्ग बंद. रिबकाबाईनं ते पत्र चार वेळा वाचलं. ती कोण आहे हे पहिल्यांदाच दुसरं कोणीतरी सांगणार होतं.

त्या आठवड्यात नुकताच पोळा झाला होता. तिनं एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याची, गोष्ट सांगितली. तो अग्नीच्या रथात बसून जिवंतच स्वर्गात गेला. कुलाब्याकडे त्याच्या नावानं पोहे-गुळाचा मलिदा करतात. मुलांनी रथ घडवला. पण घोड्यांचा रथ त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. गावात दोन दिवस बैल मिरवताना मात्र पाहिले होते. तेव्हा त्यांनी रथाला बैल जोडले. चांगले सहा बैल, गेरूची झूल, शिंगांना बेगड. दिनाचा सहावा अर्धाच होता, एका शिंगाचा. रिबकाबाईला ते बैल फार आवडले. वऱ्हाडातून स्वर्गात जायचं तर बैलच जोडायला हवेत, असं तिला वाटलं. तेवढ्यात सूर्य चिमणीमागे गेला. "हात वर," ती म्हणाली.

चेऊलकर शुक्रवारच्याच गाडीनं आले आणि नागावकरांकडे उतरले. शनिवारी सकाळी ते पायी निघाले आहेत हे दिना धावत सांगायला आली. ओसरीवर पाटावर सहा बैल पूर्वेकडे तोंड करून रांगेत उभे होते. मागचा रथ रात्रीत तडकून पसरला होता, तो आता मातीचा ढीग दिसत होता. सोन्याचं वासरू घडवून पुजलं म्हणून देव ज्यांच्यावर कोपला त्यांची गोष्ट प्रत्येक यहुद्याला पाठ असते.

दुर्गाबाई कुंपणावरून सगळं ऐकत होती. "बाई, मी नेतो ना उचलून. मले कोनती बंदी हाये?"

"नको."

"अवो, दोन मिनिटाचं काम! तो मानूस गेला का आनून ठेवतो."

रिबकाबाईनं मुलांकडे पाहिलं. पाचही जणांचे हात मांडीवर होते आणि डोळे तिच्यावर. पाच वर्षं तिनं एवढंच शिकवलं होतं. "नको, दुर्गाबाई. दुसऱ्याच्या हातानं हलवलं तरी ते माझंच हलवणं."

नागावकरांना घेऊन चेऊलकर आले. पांढरा कोट, काळी टोपी. त्यांनी पाटाकडे पाहिलं, मग मुलांकडे.

"काय चाललंय?"

"शब्बाथ पाळतोय," रिबकाबाई म्हणाली. "तो एलियाहू हन्नाबीचा रथ आहे."

"रथ कुठाय? मला बैल दिसतायत." त्यांचा आवाज चढला नाही. "मोशे चाळीस दिवस डोंगरावर होता, तेवढ्यात लोकांनी वासरू ओतलं. तुम्हाला किती दिवस लागले?"

दिनाला वाटलं, प्रश्न आपल्याला आहे. "एकच शुक्रवार लागला," ती म्हणाली. "पण माझा अजून अर्धा आहे."

चेऊलकरांनी तिला दहा आज्ञा विचारल्या. तिनं चौथीपासून सुरुवात केली. शब्बाथाची तीच तिला आधी आठवली. ते हसले नाहीत. त्यांनी नागावकरांकडे पाहिलं आणि नागावकरांनी मान खाली घातली. नंतर म्हणे घरी त्यांनी मुलीला विचारलं, "घोडे नाही का करता आले तुला?"

दोन आठवड्यांनी समितीचा कागद आला. सही होती, शिक्काही होता. "सदर बाई मुलांना जे शिकवतात ते यहुदी धर्मशिक्षण नव्हे." पुढच्या शुक्रवारी कोणी आलं नाही. तिनं माती भिजवून ठेवली होती, ती वाळली. एकसष्ट साली नागावकर सहकुटुंब इस्रायलला गेले. स्टेशन तिच्या घरामागेच होतं, पण निरोप घ्यायला कोणी आलं नाही.

चौसष्टमध्ये तिकडून जाड पाकीट आलं. नागावकरांनी लिहिलं होतं, दिनाचं लग्न ठरलंय, पण इथले धर्माधिकारी आम्हाला अस्सल यहुदी मानायला कुरकुरतात, पुरावे मागतात. बाईंनी लिहून द्यावं की मुलीनं पाच वर्षं त्यांच्याकडे रीतसर धर्मशिक्षण घेतलं. सोबत मसुदाही होता. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: "मातीकामाचा व बैलांचा उल्लेख कृपया टाळावा."

रिबकाबाईनं तो मसुदा दुर्गाबाईला वाचून दाखवला.

"म्हंजे तवा तुमी चुकीच्या होत्या, अन् आता त्याइची पोरगी खरी कराले तुमी बरोबर पायजे?" दुर्गाबाई म्हणाली. "मोठी गंमत हाये बाप्पा! पन लिवून टाका. पोरीचं लग्न हाये."

रिबकाबाई लिहायला बसली. मसुदा तिनं बाजूला ठेवला. दिना दर शुक्रवारी यायची, सूर्य बुडाला की हात उचलायची, शनिवारी अर्ध्या बैलापुढे हात मांडीवर ठेवून बसायची, हे लिहिलं. शेवटी, मुंबईच्या समितीच्या मते हे धर्मशिक्षण नव्हतं, हेही लिहिलं, आणि तो कागद जोडला.

"हे कशाले जोडता?" दुर्गाबाई चिडलीच. "एक ओय सोडली तं काय आभाय कोसयते?"

"तेव्हा तू बैल उचलत होतीस, मी नको म्हटलं. तेव्हा दिना बघत होती."

"अन् आता तिच्या लग्नात आडवी याले निंगाली!"

रिबकाबाई पाकीट पोस्टात टाकून शाळेत गेली.

उत्तर आलं नाही. लग्न झालं की मोडलं, तिला कळलं नाही. आपण खरं वागलो की सहा वर्षांपूर्वीचा अपमान एका पोरीवर काढला, याचा निकाल तिला लावता आला नाही, आणि लावून देणारं कोणी जवळ नव्हतं. दिनाचा तो एका शिंगाचा बैल फळीवर होता. एका सोमवारी, शाळेतून आल्यावर तिनं चिमूटभर माती भिजवली, शिंग वळलं, बैलाच्या डोक्याजवळ नेलं. दुर्गाबाई कुंपणाशी होती.

"आज तं शनवार नाई," ती म्हणाली. "लावा ना."

रिबकाबाईनं ते शिंग बोटांत मोडलं आणि हात धुतले.