रंगाखालची रेघ

आमचे भावोजी रंगारी. बोलायला कंजूष, पण भिंतीपुढे उभे राहिले की तासभर हलायचे नाहीत. ताई म्हणायची, "माझ्याकडे इतकं बघितलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता."

नदीला मोठा पूर येऊन गेला आणि भावोजींना श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. खालच्या गल्लीत घराघरात पाणी शिरलं होतं. पाणी उतरलं तरी भिंतीवर तपकिरी रेघ राहते आणि नुसता रंग मारला तर महिन्याभरात पुन्हा वर येते. भावोजी आधी भिंत घासायचे, प्रायमर मारायचे, लांबी म्हणजे पुट्टी भरायचे, मग रंगाचे दोन हात. रेघ गडप. मालक खूश, परगावच्या लोकांना घरं हातोहात खपायची. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "रंगाऱ्याने भिंत बघावी. बाकी विकणारा जाणे, घेणारा जाणे." मलाही तेव्हा ते पटलं, खोटं कशाला बोलू?

पुराच्या वेळी परगावी शिकत असलेली भाची आणि तिचा नवरा तीन वर्षांनी आमच्याकडे घर शोधू लागले. पोरगी बापासारखीच चिकित्सक. टेकडीच्या पायथ्याचं घर तिने दरडीच्या भीतीने सोडलं, दुसरं तडे बघून. मग एके दिवशी हौसेने आम्हाला घर दाखवायला घेऊन निघाली. पत्ता काही सांगेना. खालच्या गल्लीत वळलो तसा भावोजींचा चेहरा उतरला.

घरात शिरल्यावर भाची म्हणाली, "नदी जवळ आहे, म्हणून मी आधी भिंतीच तपासल्या. तुम्हीच सांगता ना बाबा, पाणी शिरलेलं घर भिंतीवरून कळतं. बघा, कुठे डाग आहे का? उद्या इसार देतोय."

मालकाने भावोजींना ओळखलं आणि त्याचं हसू मावळलं.

भावोजींनी पिशवीतून खरवडायची पत्री काढली. "अहो, काय करताय?" मालक ओरडला. भावोजी थांबले नाहीत. वीतभर रंग खाली पडला, लांबीचे पापुद्रे पडले आणि आतून तपकिरी रेघ दिसली.

"मीच झाकली होती," ते म्हणाले.

भाचीने रेघेवरून बोट फिरवलं. "अशी किती घरं, बाबा?"

"अकरा."

"ती घेणाऱ्यांनीही भिंती बघितल्या असतील ना?"

भावोजी खाली पडलेले पापुद्रे गोळा करू लागले. त्या क्षणी मला त्यांचा रागही आला आणि दयाही, आणि माझी स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्याच घराचं दार एका तरुण बाईने उघडलं. रंगाचे डाग पडलेले कपडे बघून ती म्हणाली, "आमच्याकडे रंगाचं काम नाही, काका."

"काम मागायला नाही आलो, बाई. पुराचं पाणी तुमच्या घरात कुठवर आलं होतं, ते सांगायला आलोय."

भावोजींनी हात स्वतःच्या छातीला लावला. बाईने त्या हाताकडे पाहिलं, आणि मग वळून खोलीत, जमिनीवर खेळणाऱ्या आपल्या पोराकडे.