ओसरीवरची परेड

आमची नणंद कुंदा सुट्टीला आली की ओसरीच्या शहाबादी फरशीची काही खैर नसायची. धुळ्याला, देवपुरात मामाकडे राहून ती कॉलेज करायची आणि तिथं एनसीसीत शिरली होती. चोपड्याजवळच्या आमच्या गावी आली तरी सकाळी उठून हिची परेड सुरू. परेड घेणाऱ्या उस्तादांनी शिकवलेलं मलाच शिकवायची. "वहिनी, हात खांद्यातून हलव!" अगं बाई, माझ्या हातात शेणाचं घमेलं, कुठून हलवू?

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी तिची निवड झाली. तेव्हा विद्यापीठ पुण्याचं, जळगावचं अजून व्हायचं होतं. इथल्या पोरीनं दिल्लीपर्यंत पोचणं म्हणजे केवढी गोष्ट, ते आम्हाला थोडंच कळत होतं! सासरे, सुकदेव आबा, म्हणाले, "रविवारी दोंडाईच्याचे पाहुणे येताहेत. जमलं की लग्न. दिल्ली विसर." कुंदा चुलीपाशी बसून रडली. माझाही जीव तुटला, पण सुनेचं ऐकतो कोण!

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाची आजी धुरपदाबाई म्हणाली, "बेटी, चालीसन दखाड." मुलीला चालून दाखवायला सांगायचं आणि पायात खोड नाही ना, ते बघायचं, ही आपल्याकडची रीत. कुंदा उठली. मान ताठ, मुठी वळलेल्या, हात पार खांद्यापर्यंत. साडी नेसलेली पोरगी खाड खाड करत भिंतीपर्यंत गेली आणि टाच आपटून मागे वळली. कपबशा खुळखुळल्या. तशीच परत येऊन आजीसमोर थांबली. मुद्दाम नाही हो केलं तिनं! घाबरली की तिचे पाय आपोआप तसेच पडायचे. मी तोंडात पदर कोंबला.

मुलाचा बाप उठला. "आमले सून जोयजे, फौजदार नही," म्हणाला, आणि पाहुणे खो खो हसले.

आबा लालबुंद झाले. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. पण चिडले ते पाहुण्यांवर! स्वतः पोरीला वाट्टेल ते बोलतील, दुसऱ्यानं हसलेलं त्यांना खपायचं नाही. "मनी पोर दिल्ली जाई!" ओरडले. "दखू कोन आडवस!" पाहुण्यांना धड चपला घालायलाही सवड मिळाली नाही.

सव्वीस जानेवारीला अख्खं गाव सरपंचांच्या टीव्हीपुढे. मुलींची तुकडी आली काय, गेली काय. बघावं तर सगळ्या सारख्याच. आबा मात्र ताडकन उभे राहिले, "ती दखा, कुंदा!" कुणालाच दिसली नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय दिवस होते ते!

पुढे कुंदाचं लग्न चांगल्या घरी झालं. अमळनेरला शाळेत नोकरीही लागली. अठ्ठ्याण्णव साली आबांचं अर्धं अंग गेलं, बोलणं जड झालं. कुंदा धावत आली. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग अडखळत म्हणाले, "बेटी... चालीसन दखाड."

दोन पोरांची आई ती. पदर खोचला आणि त्याच फरशीवर निघाली. भिंतीपाशी टाच आपटून वळली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाऊल चुकलं नाही. खाटेसमोर येऊन ताठ उभी राहिली आणि सॅल्यूट ठोकला. आबांनी आपला चांगला हात हळूहळू कपाळापर्यंत नेला आणि तिनं हात खाली घेईपर्यंत तिथंच धरून ठेवला.