ओल्या मेंदीचा हात

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही, ज्या डॉक्टरबाईंपुढे मी रडून रडून पदर भिजवला त्यांनाही नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही.

नायगावातल्या आमच्या सोसायटीत मी 'अँग्झायटीवाल्या काकू' म्हणून प्रसिद्ध आहे. हसू नका. महिला मंडळात मी त्यावर बोलते. छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, की पाय जमिनीवर नीट टेकवा. श्वास घ्याल त्यापेक्षा सावकाश सोडा. शेंगा सोलत असाल तर सोलत राहा. भीतीला हाकलायला गेलात तर ती ठाण मांडून बसते, येऊ दिलीत तर आपली आपण जाते. हे सगळं खरं आहे हं. मी गोळ्या घेतल्या, चहा कमी केला, रोज खाडीकडे चालायला जाते, मुलीला उशीर झाला तर फोन एकदाच करते. बायका म्हणतात, काकू, तुम्ही किती मोकळेपणी बोलता! मोकळेपणी — ऐकलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण आजाराचं मी सगळं सांगते. हाताचं गाळते.

माझा हात फार सुटायचा. घरातल्या कुणाला यायला उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे थेट मढंच यायचं — हायवेवर पडलेलं, तोंडावर कुणाचं तरी फडकं टाकलेलं. माणूस येईपर्यंत मी उभ्या उभ्या मरायची, आणि ते धडधाकट दारात दिसलं की त्याच्यावर धावून जायची. यांच्या अंगावर मी गरम वरणाचं पातेलं फेकलेलं आहे. स्नेहलच्या, माझ्या एकुलत्या एका मुलीच्या पाठीवर लाटणं मोडलेलं आहे. घरात याला 'आईची काळजी' म्हणत. किती गोड नाव, नाही?

स्नेहल अकरावीत होती. सांडोरला तिच्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं, त्या मेंदीला गेली होती. दिवेलागणीच्या आत येते म्हणाली होती. दिवे लागले, ती नाही. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. रिंग जायची आणि बंद व्हायची. हे कामावरून यायचे होते. मी एकटी हॉलभर फिरत होते, तोंडाला कोरड, बोटं बधिर, आणि डोळ्यांपुढे तेच फडकं. देवाला म्हटलं, तिला जिवंत आण, बाकी काही मागत नाही. खरंच म्हटलं होतं मी.

बेल वाजली. दारात ती. दोन्ही हात पुढे धरलेले, कोपरापर्यंत मेंदी, अजून ओली. म्हणून फोन उचलता आला नव्हता — एवढंच! एका मैत्रिणीने स्कूटरवरून आणून सोडलं होतं, बेलही स्नेहलने कोपरानेच दाबली होती. "आई, सॉरी गं, हात..." एवढंच म्हणाली.

आता नीट ऐका, कारण इथेच मी सगळ्यांना फसवलं आहे. तिला पाहिलं त्या क्षणी माझी भीती गेली. पूर्ण गेली. छाती शांत, हात स्थिर. उरला तो निव्वळ राग. कानशिलात मारली. वेणी धरून डोकं चपलांच्या कपाटावर आपटलं. ती ओरडली नाही, मेंदीचे हात तेवढे वर धरून राहिली. मला त्याचाच अधिक संताप आला — मार खाताना मेंदी जपतेस?

ती सुटली आणि सँडलसकट आतल्या खोलीत पळाली. तिथे उंबऱ्याच्या आत पाठमोरी वाकून एका हाताने सँडलचा पट्टा काढायला लागली. दुसरा हात मागे, चौकटीला धरलेला. मी बाहेर, दाराच्या कडीपाशी. तिची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. काळीशार, भरलेली. मला ती दिसली. स्पष्ट दिसली. मी दार ओढलं.

ते लागलं नाही. कशामुळे लागत नाही हे कळायला मला काय वेळ लागणार होता? मी पुन्हा ओढलं.

ती किंचाळली, आणि तिची किंचाळी संपायच्या आत मी ओरडले, "अगं बाई, वारा!"

खाडीचा वारा आमच्या मजल्यावर दारं आपटतो हे खरंच आहे. घरोघरी लोक दारापाशी विटा ठेवतात. त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. इस्पितळातली सिस्टर बोटं पुसत राहिली, मेंदी कुठली आणि रक्त कुठलं तिला कळेना. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक कापावं लागलं. गालावरचे वळ डॉक्टरांनी पाहिले, पण स्नेहलच म्हणाली, दार वाऱ्याने आपटलं. दाराबद्दल ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटलं होतं, अजूनही वाटतं.

याहून वाईट पुढे आहे. तिला वाटतं, माझा आजार तिच्या त्या अपघातामुळे सुरू झाला. ती वेळेवर आली असती तर आई अशी झाली नसती! डॉक्टरबाईंकडे तीच मला हात धरून घेऊन गेली. त्यांना म्हणाली, "माझ्या बोटाचं झालं ना, त्याचा आईने धसका घेतलाय." मी शेजारीच बसले होते. आजार तिच्या जन्माआधीपासूनचा आहे हे मला माहीत होतं. मी मान डोलावली. आता लग्न होऊन विरारला राहते, तरी कुठेही गेली की मला 'पोचले' असा मेसेज टाकते. मी तिला वर अंगठा पाठवते.

भीती माझ्या ताब्यात नव्हती, तिला मी समजून घेतलं आहे, आणि तिच्यासोबत जगायलाही शिकले. हात माझाच होता. मारताना मला बरं वाटत होतं, हेसुद्धा सांगून टाकते.

परवा स्नेहलचा फोन आला. तिची बाळंतपणाची रजा संपते आहे, सोमवारपासून कामावर जायचं. बाळाला पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही. म्हणाली, "तुझ्याकडे ठेवू ना गं? तू आहेस तर मला टेन्शनच नाही." मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि बाळाची दुपटी धुवायला काढली, इतकी मी निर्लज्ज.

सोमवारी सकाळी ती येईल. तिने बाळ माझ्या हातात द्यायच्या आधी मी तिला सांगणार आहे की दार मी ओढलं, दोनदा ओढलं, बघून ओढलं. आजाराचं नाव घेणार नाही. मग ती बाळाला इथे ठेवेल, नाहीतर कडेवर घेऊन परत जाईल.