दारावरचा डहाळा

भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीशी त्याचं सगळं बिऱ्हाड असायचं. विंचवाला मी भ्यायची, विहिरीत वाकून बघायला भ्यायची, सासऱ्यांच्या नुसत्या खोकल्यालाही भ्यायची. देवळीच्या माहेरातून नाचणगावात सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी आठ दिवसांत मला ओळखलं आणि सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, “आमची सून सावलीले भेते.” मला राग आला होता, पण त्यात खोटं काय होतं?

एक भीती मात्र माझ्या एकटीची नव्हती. अख्खी गल्ली भ्यायची, ती दाराच्या चौकटीला खोवलेल्या कडुलिंबाच्या डहाळ्याला. मी सांगते आहे ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. देवीचा रोग तेव्हा अजून गेला नव्हता. घरात कुणाला देवी आल्या की दारावर डहाळा लागायचा आणि तो दिसला की त्या घराचा उंबरा कुणी ओलांडायचं नाही. आतल्यांनी फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, औषध तर घ्यायचंच नाही. माता आली आहे, ती तिच्या मर्जीनं जाईल. रस्त्यानं जाणारा लांबूनच हात जोडायचा आणि पाय उचलायचा. सासूबाईंना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. त्यांचा चेहरा वणांनी भरलेला होता आणि एका डोळ्यानं त्यांना जेमतेम दिसायचं. रोज सकाळी तो चेहरा बघून मी पोटाशी धरलेल्या माझ्या मुलाकडे बघायची. तो पाच महिन्यांचा होता आणि त्याला देवीची लस टोचलेली नव्हती. टोचणारा माणूस गल्लीत आला तेव्हा पोराला सर्दी होती. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून मी त्याला धान्याच्या कोठीमागे घेऊन बसले होते. एका भीतीपायी दुसरी भीती अशी मीच घरात आणून ठेवली.

आमच्या समोरच्या घरात एक परदेशी जोडपं भाड्यानं राहत होतं. साहेब आसपासच्या खेड्यांत बोअर पाडायच्या कामावर होता. जीपमधून जायचा तो कधी संध्याकाळी यायचा, कधी चार दिवसांनी. मडम घरीच असायची. दोघं पहाटे गच्चीवर उभी राहून हातपाय हलवायची, वाकायची, श्वास मोजायची. आजूबाजूच्या गच्च्यांवर तेव्हा बरीच गर्दी असायची. सासूबाई म्हणायच्या, “एवढी शक्ती आंगात असन तर आमच्या वावरात निंदाले या म्हणा.” मडम पाणी उकळून, मग थंड करून प्यायची. याचं गल्लीला फार कोडं होतं. थंडच करायचं तर गरम काऊन केलं?

आमच्याकडे कुणाला नुसता ताप आला तरी खाटेभोवती वीस माणसं जमतात. तिच्या देशात बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या घरी जात नाही, असं ती सांगायची. पहिल्या महिन्यात बाया न विचारता तिच्या चुलीपर्यंत जाऊन डबे उघडून बघायच्या, तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहायची. पुढं तिला त्याची इतकी सवय झाली की सकाळी दहापर्यंत कुणी फिरकलं नाही तर तीच आमच्याकडे यायची आणि विचारायची, “माय, आज कोणी नाई आलं. काऊन?” मराठी ती सासूबाईंकडून शिकली होती, म्हणून अस्सल आमची बोलायची. पाटलांनाही ‘तू’ म्हणायची.

माझ्या माजघराची खिडकी आणि तिची खिडकी समोरासमोर होती, मधे बैलगाडी जाईल एवढीच जागा. हाक मारायची तिला लाज वाटायची. मग ती चमच्यानं ताट वाजवायची आणि मी पोराला घेऊन खिडकीत जायची. ते ताट ऐकलं की पोरगं मान वळवायचं. तो झोपला असला की मी खिडकी लावून घ्यायची. खिडकी बंद दिसली की ती वाजवत नसे. हे आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं, आपोआप वळण पडलं होतं.

वैशाख होता. सोमवारी साहेब गिरडकडच्या खेड्यात चार दिवसांसाठी गेला आणि दुपारच्या आत मडम आमच्या ओट्यावर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. डोकं दुखतं म्हणाली. तरी तिनं पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या गालाला गाल लावला. “भाभी, घरात लय गरम होते. हवा खराब हाय. काय करू?” असं तिनं विचारलं. माझं लक्ष चुलीवर होतं. मी म्हटलं, “कडुलिंब आणून लावा घरात. हवा साफ राहते.” दारावर लावू नका, हे मी सांगितलं नाही. ते आमच्यात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नसे.

मंगळवारी सकाळी सडा टाकायला बाहेर आले आणि हातातला तांब्या तसाच राहिला. समोरच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी भरगच्च डहाळे खोवले होते.

तासाभरात गल्ली ओस पडली. दूधवाली वळून गेली. मडमेचं पाणी भरणारी बाई कोपऱ्यावरूनच रिकामी घागर घेऊन माघारी फिरली. आमच्या सासूबाईंनी विचारलं, “काल आली होती नं ती? आंग तापलं होतं काय तिचं?” मी हो म्हटलं. लाल दिसत होती, डोकं दुखत होतं, हेही सांगितलं. तेवढं पुरे होतं. दुपारपर्यंत मडमेच्या अंगावर फोड पाहणाऱ्या तीन बाया तयार झाल्या. दवाखान्यात कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सरकारी माणसं आली की सगळी गल्ली अडकवतील, घरोघर टोचतील, ही भीती वेगळीच होती.

त्या दिवशी एकदा तिनं दार उघडलं. मी आमच्या दाराच्या फटीतून पाहत होते. ती चौकट धरून उभी होती, केस विस्कटलेले, तोंड लालबुंद. शेजारची म्हातारी तिकडून चालली होती. तिनं लांबूनच हात जोडले, कपाळाला लावले आणि लगबगीनं पुढं झाली. मडमेला वाटलं असेल, नमस्कार केला. तिनंही हात जोडले. थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली आणि दार लोटून घेतलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिनं पोराच्या गालाला गाल लावला होता. मी त्याला घटकेघटकेला उघडं करून बघत होते. मानेखाली, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत. एक बारीक पुळी दिसली तशी मी त्याला घेऊन सासूबाईंकडे धावले. सासूबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि “घामोळं हाय वो” म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, मला माहीत होतं. तो डहाळा मी सांगितला म्हणून लागला असेल. तिला काय माहीत माता अन् काय माहीत डहाळा? हा विचार वर आला की मी तो दाबून टाकायची. समजा, मी हे बोलले, तर घरचे म्हणणार, मग जा, बघून ये. आणि डहाळा खराच निघाला तर? मी गप्प बसले. माझं पोर आधी, असं मनाशी घोकत बसले.

बुधवारी दुपारी ऊन असं होतं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. दारं बंद, कुत्रं नाही रस्त्यावर. मी पोराला मांडीवर घेऊन पंख्यानं वारा घालत होते. तेवढ्यात ताट वाजलं.

नेहमीसारखं नाही. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. पोरगं जागं होतं, मूठ चोखत होतं. त्यानं मूठ तोंडातून काढली आणि खिडकीकडे मान वळवली. तिसरा ठोका पडला. चौथा. मी उठले. तिच्या खिडकीत कोणी दिसत नव्हतं, आवाज खालून, जमिनीजवळून येत होता. रोगाचा वारा तिथूनच आत येतो आहे असं मला वाटलं. मी खिडकी लावली. कडी घातली.

नंतर आवाज आला नाही. मला त्यानं बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी सासूबाई समोरच्या घराकडे बघत म्हणाल्या, “मातेच्या घरी कोणी तरी पाणी ठेवते, दिवा लावते. इथं दोन दिवसांपासून काहीच नाई. एकटी हाय बिचारी. डहाळा लावाचं तिले कोनं सांगितलं असन?”

आणि मी रडायला लागले. “मीच सांगितलं होतं तिले. हवा साफ राहते म्हटलं. मले वाटते तिले काहीच माहीत नाई.”

“कवा सांगितलं?”

“सोमवारी.”

सासूबाईंनी मला शिवी दिली असती तर चाललं असतं. त्यांनी फक्त तो एक चांगला डोळा माझ्यावर रोखला. मग पदर खोचला, पाण्याची घागर उचलली. मी म्हटलं, “माय, नका जाऊ.” त्या म्हणाल्या, “मले काय होते आता? येऊन गेली ते माह्या आंगावर. तू राह्य आपल्या पोराजवळ.” दारातून वळून आणखी एक बोलल्या, “तुले भ्याव वाटलं, ते ठीक हाय. बोलाचं होतं.”

त्यांनी डहाळे उपटून रस्त्यावर फेकले आणि आत गेल्या. सगळी गल्ली दाराच्या फटींतून बघत होती. मला आठवतं, तेव्हा मी देवाला काय काय बोलले. तिच्या अंगावर फोड नसोत म्हणत होते आणि त्याच वेळी असोत असंही वाटत होतं. फोड निघाले असते तर माझा दोष थोडा कमी झाला असता. माणूस किती हलका होतो भीतीनं.

फोड नव्हते. हगवण आणि उलट्यांनी तिचा पार चोथा झाला होता. सोमवारी रात्रीच सुरू झालं होतं. पाणी मंगळवारी संपलं, पाणीवाली आलीच नाही. ती खिडकीखाली फरशीवर पडलेली, जवळ ताट आणि चमचा. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. सासूबाईंनी चिंधी भिजवून थेंब थेंब पाणी तोंडात पिळलं, मग बाहेर येऊन अशा ओरडल्या की मिटलेली सगळी दारं उघडली. बैलांच्या दमणीत गाद्या घालून तिला पुलगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत आणला नसता तर हा पेशंट हाती लागला नसता. मी घरी होते. पोराला घेऊन बंद खिडकीपाशी बसले होते. दमणी परत येईपर्यंत माझ्या कानात ताट वाजत होतं.

ती वाचली. साहेब आला, त्यानं सासूबाईंचे पाय धरले. गल्लीतल्या बाया आता उलट दिवसभर तिच्याकडे बसायच्या. कुणी पेज आणायची, कुणी ताक. डहाळ्याचा अर्थ तिला कुणीतरी समजावून सांगितला. त्यावर ती थकलेलं हसली आणि म्हणाली, तरीच मले सगळे नमस्कार करून राह्यले होते. मी मात्र तिच्यासमोर जायचं टाळत होते. चोराच्या मनात चांदणं.

पंधरा दिवसांनी तीच आली. काठी टेकत आमच्या ओट्यावर बसली आणि पोराला द्या म्हणून हात पुढं केले. मी दिलं. त्यानं तिच्या बोटातली अंगठी चोखायला घेतली. मला वाटलं, आता विचारेल. विचारावं, असंही वाटलं. शिवी द्यावी, रडावं, काहीही करावं.

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “भाभी, त्या दिवशी मी ताट वाजवलं. उठता येत नव्हतं. मंग पाहलं तं तुही खिडकी बंद झाली. मी म्हटलं, बाळ झोपला असन. त्याले उठवाचं नाई. मंग नाई वाजवलं.”

अंगणात सासूबाई डाळ पाखडत होत्या, त्यांचं सूप थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी पोराकडे.

“हो,” मी म्हटलं. “झोपला होता.”