अस्वलाच्या मागून आलेला

कुवेतमधल्या राई नावाच्या भागात ज्या गोदामात शरद पालशेतकर हिशेब लिहायचा, तिथली माणसं त्याला ‘चुप भाई’ म्हणायची. एसीच्या सुट्या भागांचं गोदाम ते. दिवसभर फोर्कलिफ्टची घरघर, मल्याळी, बंगाली आणि इजिप्तहून आलेल्या मिसरी माणसांची आरडाओरड, आणि त्या गलक्यात हा गुहागरकडचा माणूस काचेच्या केबिनमध्ये खाली मान घालून बसलेला. विचारलं तेवढंच सांगायचं, वाढलं तेवढंच खायचं. फरवानियातल्या दोन खोल्यांच्या घरातही तीच तऱ्हा. त्याची बायको प्रेमा एका मोठ्या इस्पितळात, कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात नर्स होती. ती मैत्रिणींना सांगायची की यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान पोपडे तरी टाकते.

पण तोंड झाकलं की हाच माणूस वेगळा व्हायचा. प्रेमाला हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पालशेतकरांच्या घराकडे शिमग्यात संकासुराचा वेष घेण्याचा मान होता. काळा पायघोळ झगा, डोक्यावरून गळ्यापर्यंत उतरलेला टोकदार काळा टोप, त्याला तागाची पांढरी दाढी, कंबरेला घंटांचा पट्टा. संकासुर बोलत नाही. तो पालखीपुढे नाचतो, पोरांच्या मागे लागतो, पोरं किंचाळत पळतात; आणि त्याच पोरांच्या आया तान्हं मूल त्याच्या हातांवर ठेवून नवस बोलतात. वडील थकल्यावर शरदने काही वर्षं तो वेष घेतला. प्रेमा चिपळूणहून आत्याकडे शिमग्याला आली होती. तिने संकासुर आधी पाहिला आणि त्याच्या आतला नवरा मागाहून. मग कुवेतचा व्हिसा झाला आणि मान चुलतभावाकडे, राजाभाऊकडे गेला.

कोविड ओसरल्यावर वॉर्डात बाहेरच्या माणसांना पुन्हा परवानगी मिळाली. दर शुक्रवारी दुपारी सोंगं घेऊन मुलांना हसवणारी एक मंडळी यायला लागली. त्यांना एक माणूस कमी पडत होता. प्रेमाने नवऱ्याला न विचारताच त्याचं नाव देऊन टाकलं. शरदच्या वाट्याला आलं तपकिरी केसांचं एक थोराड अस्वल. त्याने त्याचं नाव ठेवलं बंडू, आणि मंडळी वॉर्डात त्याला त्याच नावाने हाका मारायची.

बंडू अस्वल वॉर्डात शिरलं की दारातच धडपडायचं. नर्सच्या खुर्चीत अडकायचं, सुटता सुटत नसे. सलाइनच्या स्टँडला बघून लाजायचं. तोंडातून एक शब्द नाही, सगळं अंगाने. केस गेलेली, नाकातोंडावर मास्क लावलेली मुलं हसून हसून खोकायला लागायची. घरी आल्यावर शरद घामाने निथळलेला असायचा आणि पुन्हा गप्प. अस्वल डेटॉलमध्ये बुडवायचं, गच्चीवर वाळत टाकायचं, पिशवीत भरून कपाटावर ठेवायचं, इतकं मात्र तो कुणाला करू द्यायचा नाही.

मेहविश त्या वॉर्डात उन्हाळा संपता संपता आली. सियालकोटकडची, दुसरीतली पोर. तिचा बाप अशरफ राईतल्याच एका गॅरेजात मेकॅनिक होता. पहिल्या शुक्रवारी बंडू तिच्या खाटेपुढे नाचला, पडला, उठला. पोरगी हसली नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

“तुझा दोस्त का नाचत नाही?” तिने विचारलं. बोलणं उर्दूत होतं, पण शरदला कळायला काही अडचण नव्हती.

अस्वलाने पंजे पसरून ‘कोण दोस्त?’ अशी खूण केली.

“तो काळा. तुझ्या मागून आत येतो आणि खिडकीपाशी उभा राहतो. त्याला दाढी आहे, पण तोंड नाही. कमरेला घंटा आहेत, पण वाजत नाहीत.”

अस्वलाच्या आत इतका उकाडा असायचा की श्वास घेणं कठीण व्हायचं. त्या क्षणी मात्र शरदच्या पाठीवरचा घाम गार झाला. तो सावकाश वळला. खिडकीबाहेर धुळीने पिवळं पडलेलं आभाळ होतं. खिडकीपाशी कुणी नव्हतं.

घरी आल्यावर त्याने प्रेमाला विचारलं की शिमग्याचा एखादा व्हिडिओ तू त्या पोरीला दाखवलास का. प्रेमा कणीक मळत होती, तिचे हात थांबले. ती म्हणाली, मी कशाला दाखवू, तिथे नवा डॉक्टर आला तरी पोरं रडतात. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. त्याने सांगितलं. लग्नानंतर एका दमात इतकं तो पहिल्यांदाच बोलला असेल. ऐकून प्रेमाने देवापुढे दिवा लावला.

पुढच्या शुक्रवारी मेहविशने आपण होऊन सांगितलं की आज तो खिडकीपाशी नाही, दाराजवळच्या मुलाकडे गेलाय, त्याच्या उशाशी वाकून उभा आहे. दाराजवळ एक लहानसा मिसरी मुलगा होता. तो बंडूला हात हलवून बोलवत होता. शरद गेला, त्याच्यापुढे नाचला, पण त्या खाटेच्या उशाकडच्या बाजूला त्याचं पाऊल काही केल्या पडेना.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्या खाटेवर नवी चादर होती.

त्या वॉर्डात खाटा रिकाम्या होतच असत. प्रेमाने हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिने नवऱ्याची समजूत काढली, की तो मुलगा महिन्याभरापासून जायला टेकलेला होता, तुम्ही कुणाला घेऊन आला नाहीत. शरदने मान डोलावली आणि जायचं बंद केलं. तब्येत बरी नाही असं मंडळींना कळवलं. शुक्रवारी तो घरात बसून राहायचा. फिंतासकडे जाऊन समुद्र तरी बघून येऊ असं प्रेमा म्हणायची. तो उठायचा नाही.

आणि मग एकदा प्रेमा ड्युटीवरून आली ती चपला न काढताच त्याच्यासमोर बसली.

“अहो, ती पोर विचारत होती, भालू कुठे गेला म्हणून. म्हणाली, तो काळा आता एकटाच येतो. भालू नसला की त्याला काय करायचं कळत नाही. नुसता फिरतो, एकेका खाटेशी थांबतो.”

“आणि तिच्या?”

प्रेमा खाली वाकून चपला काढायला लागली. तिचे डोळे भरले होते. मेहविशचा ताप त्या आठवड्यात उतरत नव्हता.

शरदने गावी राजाभाऊला फोन लावला. राजाभाऊ वयाने मोठा, वेषाचे सगळे नेमधर्म जाणणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. तो म्हणाला, ज्याच्या अंगावर एकदा वेष चढला त्याच्या मागून तो हिंडतोच. आपण इतक्या लांब गेलो म्हणजे तो गावीच राहिला असं थोडंच आहे. मग त्याने विचारलं, “तुझ्याकडे तिथे झगा आहे काय?”

“नाही.”

“मग तो उभा राहील नाहीतर काय करील? त्याला अंग दे. वेष अंगावर असला की बाहेर दुसरा उभा राहत नाही, हे आपले म्हातारे सांगायचे. पण लक्षात ठेव, आतून बोलू नको.”

काळं कापड मिळायला कुवेतसारखी जागा नाही. फरवानियात बायकांचे काळे बुरखे, अबाया, शिवणाऱ्या एका शिंप्याने झगा आणि टोप शिवून दिला. हा कसला नमुना असं त्याने दोनदा विचारलं, शरदने नाटकासाठी म्हणून सांगितलं. दाढीसाठी गोदामातल्या पोत्यांचा ताग निघाला. तो त्याने ब्लीच घालून पांढरा होईपर्यंत उकळला. घंटा मिळेनात. शेवटी राईच्या शुक्रवार बाजारात, पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपलीकडे, ससाण्याच्या पायाला बांधतात तसल्या बारीक घंटा मिळाल्या. त्या त्याने एका पट्ट्यावर ओवल्या. प्रेमाने वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंची परवानगी काढली. त्यांनी कपडे निर्जंतुक करून घ्यायला लावले आणि एकही मूल घाबरलं तर तत्काळ बाहेर, असं बजावलं.

एकही मूल घाबरलं नाही. प्रेमाला तेच जास्त भीतीदायक वाटलं. दारातून काळा झगा आत आला, घंटा किणकिणल्या, आणि सगळ्या खाटांवरची मुलं ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहायला लागली. दोन खाटांपलीकडच्या एका गुजराती मुलाने तर आज घंटांचा आवाज येतोय म्हणून टाळ्या वाजवल्या. त्याच्याशी यातलं कुणीच कधी काही बोललं नव्हतं.

मेहविश उशीला टेकून बसली होती. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग शरदकडे.

“आता तिथे कुणी नाही,” ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात पसरले.

शरद नाचायला लागला. टोपाच्या आत काळोख होता, डोळ्यांपुरत्या भोकांतून खाटेचा कठडा दिसायचा, पायपुसणं दिसायचं. पाय इतक्या वर्षांनी आपोआप पडत होते. पहिली काही पावलं त्याची होती. नंतरची त्याची नव्हती. एवढंच तो पुढे सांगू शकला, की आपण थांबावं असं मनात आलं आणि पाय थांबले नाहीत.

मेहविशची आई खाटेपाशी उभी होती. तिला शिमगा ठाऊक नव्हता, नवस ठाऊक नव्हता. पण तिने सलाइनची नळी सांभाळत पोरीला उचललं आणि गावच्या बायका ठेवतात तसं त्या काळ्या हातांवर ठेवलं. शरदने हात ताठ केले, वजन घ्यायला. वजन आलंच नाही. त्याच्या हातांखाली आणखी कुणाचे तरी हात असावेत आणि पोर त्या हातांवर असावी, तसं ते होतं. मग टोपाच्या आतला काळोख दाटला. भानावर आला तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता, टोप मांडीवर होता आणि प्रेमा त्याच्या तोंडाला पाणी लावत होती.

घरी आल्यावर त्याचे खांदे इतके भरून आले की हात वर होईनात. प्रेमा तेल चोळत होती. मध्येच ती म्हणाली, “तुम्ही तिच्याशी बोललात.”

“संकासुर बोलत नाही.”

“तेच म्हणते मी. आवाज मी दारातून ऐकला. तुमचा नव्हता.”

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्यावर तिने मेहविशला सलाइन बदलता बदलता विचारलं की कालचा पाहुणा काय म्हणाला.

“त्याने माझं नाव विचारलं.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, बंडू.”

प्रेमाने सलाइनची बाटली तशीच हातात धरली. तिने विचारलं, असं का सांगितलंस?

“अम्मी म्हणते, अनोळखी माणसाला आपलं खरं नाव सांगायचं नाही,” मेहविश म्हणाली, आणि तिने पाणी मागितलं. तिचा ताप उतरला होता.

प्रेमाने हे घरी सांगितलं तेव्हा शरद उठला आणि त्याने कपाटावरची पिशवी खाली काढली. अस्वल धुऊन, वाळवून ठेवलेलं होतं. त्याने डोकं बाहेर काढलं आणि केसांचा पुंजका हातात आला. मग दुसरा. टाळूवर, कानांमागे चट्टेच्या चट्टे उघडे पडले होते. आतला स्पंज पिठासारखा झाला होता. कसर लागली म्हणावं तर तिचा कुठे मागमूस नव्हता. प्रेमा मागे सरली. असं डोकं ती रोज उशांवर पाहत होती.

ते अस्वल बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कचऱ्याच्या डब्यात टाकायला शरदचं मन होईना. त्याने अशरफला फोन केला. दोघांची ओळख वॉर्डातल्या नमस्कार-सलामापुरती. तरी अशरफ गॅरेजची पिकअप घेऊन आला. हिवाळा लागला होता. सालमीच्या रस्त्याने बरंच पुढे जाऊन त्यांनी गाडी वाळवंटात उतरवली आणि ऊन कलेपर्यंत आळीपाळीने खड्डा खणला. अशरफला मुलीने काय सांगितलं होतं आणि काय नाही, कोण जाणे. पिशवी खाली ठेवताना त्याने फक्त एक विचारलं.

“हा कपडा आहे, की कुणी आहे?”

“कुणीतरी होता,” शरद म्हणाला.

अशरफने मान डोलावली. वाळू लोटून झाल्यावर त्याने ती तळहाताने सारखी केली आणि थोडा वेळ ओंजळ पसरून उभा राहिला. शरद बाजूला हात जोडून उभा होता. मग दोघांनी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून थर्मासमधला चहा घेतला आणि सियालकोटला थंडी कशी पडते याबद्दल बोलत राहिले.

मेहविशला औषध लागू पडलं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं, आणि शरदही विचारणाऱ्याला तसंच सांगतो. त्या हिवाळ्यात वॉर्डातल्या आणखीही खाटांवर नव्या चादरी आल्या. तो गुजराती मुलगाही राहिला नाही. त्यामुळे तो काळा नाव न्यायला आला होता की राखायला, हे शरदला आजवर ठरवता आलेलं नाही. राजाभाऊला विचारलं तर तो म्हणतो, हे ठरवणारे आपण कोण. झगा शरदने गावी जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवून दिला. मंडळींनी त्याला दुसरं सोंग दिलं, लांब मानेचा एक उंट. शुक्रवार तो चुकवत नाही. कुठलंही मूल त्याच्या मागे बघत नाही.

अशरफने कुटुंब मायदेशी पाठवलं, तो स्वतः राईतच आहे. कधीमधी जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या दाराशी येतो, फोनवरचे फोटो दाखवतो. पोरीचे केस आता खांद्यापर्यंत आलेत, वेणी घालतात. परवा शरदने धीर करून विचारलं की तिला इथलं काही आठवतं का.

“काहीच नाही,” अशरफ म्हणाला. “लाल जेली मिळायची म्हणते, बस तेवढी. तिची आई अस्वलाचा विषय काढते, तर म्हणते, कुठलं अस्वल?”

शरदला बरं वाटलं. थोडं लागलंही. त्याने तो फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा एकदा पाहिला, आणि फोन परत दिला.