तिवड्यावरचे मोजे

लढाई संपली आणि मी फौजेतून सुटून घरी आलो. लढाई म्हणजे माझी नव्हे, सरकारची. मी आपला गुदामात कांबळ्यांच्या थप्प्या लावायला होतो. बंदूक बघितली ती लांबूनच. पण अंगावर खाकी कपडे, पायात खिळ्यांचे बूट आणि जुन्या मालाच्या बाजारात जवळजवळ फुकट मिळालेला तंबू, एवढ्या भांडवलावर माझी छाती फुगली होती. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत पाव्हणेरावळे पसरलेले. त्यांच्याकडं सायकलवर जायचं, वाटेत कुठंही पडायचं, पण मुक्कामाला पैसा मोडायचा नाही, हे माझं ब्रीद. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं आई मला उद्देशून म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

फुकट मुक्कामातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. मारुतीच्या देवळात जागा झकास, पण भजन संपेपर्यंत टाळ कुटावे लागतात. चावडीत पाटील आज्या-पणज्यापर्यंत चौकशी करतो. धर्मशाळेत ढेकूण आपल्याआधी येऊन बसलेले असतात. औंधाला यमाईच्या पायऱ्यांपाशी झोपलो, तर माकडांनी भाकरी पळवली. मिरजेच्या अलीकडं एका दर्ग्याच्या आवारात तंबू ठोकला होता. मुजावर भला माणूस, त्यानं चहा पाजला. मग तंबूकडं बघत म्हणाला, "ह्यात तुम्ही झोपता, का ह्याला झोपवता?" तंबूचा एक खांब पहिल्यापासूनच मोडका होता.

अशात मामानं माझ्यासाठी माण तालुक्यातलं एक स्थळ आणलं. त्याआधीच्या घरांनी "पोरगा बरा हाय, पर चिक्कट लय," म्हणून मला वाटेला लावलं होतं. मामाचे जोडे झिजले होते. तो म्हणाला, "गड्या, तितं तोंड उघडू नगंस. हे स्थळ गेलं तर म्या परत पाय उचलायचा न्हाई." खरं सांगायचं तर मलाही लग्न पाहिजे होतं. इतकी वर्षं कांबळ्यांच्या संगतीत काढलेल्या माणसाला आपल्याशी कुणीतरी बोलावं असं फार वाटत असतं. हे मी मामाला सांगितलं नाही.

मामा बघायच्या दिवशी सकाळी सर्व्हिसच्या मोटारीनं येणार होता. मी मोटारीचं भाडं वाचवायला आदल्या दिवशीच सायकल हाणली. पुसेगाव मागं पडलं, दहिवडी मागं पडली, आणि दिवस मावळायला मी त्या गावाच्या शिवेवर पोचलो. आता पंचाईत अशी, की बघण्याआधी नवऱ्या मुलानं मुलीच्या गावात तोंड दाखवायचं नसतं. म्हणजे देऊळ बाद, चावडी बाद. आणि तेवढ्यात रस्त्याकडेला ती जागा दिसली. सपाट, शेणानं चकचकीत सारवलेली, वारा अडवायला बाजूला कडब्याची गंज. मध्ये एक भक्कम लाकूड रोवलेलं. माझ्या मोडक्या तंबूला असा खांब फौजेतसुद्धा मिळाला नसता.

मी शेतकऱ्याच्या पोटचा. ते मळणीचं खळं आहे आणि ते लाकूड म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो तिवडा, हे मला शेंबड्या वयापासून ठाऊक. खळ्यात पायताण घालून जायचं नाही, मळणीआधी तिवड्याची पूजा होते, हेही ठाऊक. पण फुकट जागा दिसली की माझी अक्कल गहाण पडायची. मी बुटांसकट आत शिरलो, तिवड्याला तंबूची दोरी बांधली आणि घामेजलेले मोजे वर वाळत घातले. झोप मात्र काय लागली म्हणता.

सकाळी उन्हं आल्यावर तंबूबाहेर बाईमाणसाचा आवाज आला. "आवं, उठा की आता. देवाच्या लाकडावर मोजं वाळत घातल्यात."

बाहेर आलो. हातात हळदकुंकवाचं ताट घेतलेली एक बाई, आणि मागं कमरेवर घागर घेतलेली तिची लेक. बाईनं माझे खाकी कपडे खालपासून वरपर्यंत बघितले. "बहुरूप्यांस्नी लय घाई. अजून मळणी न्हाई झाली, तर तुमी हजर."

सुगीत बहुरूपी शिपायाचं, फौजदाराचं सोंग घेऊन खळ्या-खळ्यावर धान्य मागत फिरतात. तिनं मला त्यांतलाच धरला. मी नवरा मुलगा आहे म्हणून सांगावं, तर तासाभरात गावभर बोभाटा. मी म्हणालो, "व्हय, जरा लवकरच आलो."

"आई, सोंग शिपायाचं हाय," लेक म्हणाली. "चालून दाखवाया सांग की."

"आदी पायताण काडा," आई म्हणाली.

मग काय, अनवाणी शेजारच्या ढेकळांत उतरलो आणि डावा-उजवा करत चाललो. वळलो, सलाम ठोकला. ढेकूळ टोचलं की माझा पाय आपोआप उंच जायचा, आणि ती मुलगी घागर खाली ठेवून हसायची. असं मोकळं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मीही पुन्हा एकदा चालून दाखवलं, कुणी सांगितलं नसताना.

आईनं मला चटणी-भाकरी दिली. "रास पडली म्हंजी या. ह्या खळ्यावरनं मोकळ्या हातानं कुनी गेलं न्हाई."

पुढं एका विहिरीवर आंघोळ केली, धोतर-कोट-फेटा चढवला आणि फाट्यावर मामाला गाठलं. मामा मला घेऊन ज्या घरात शिरला, तिथं चहा घेऊन आली ती सकाळची घागरवाली मुलगीच. तिनं एकदाच वर बघितलं. ओठांचे कोपरे हलले, मग मान खाली गेली. तिचा बाप अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता. आई दाराआड होती.

मामानं नाव विचारलं, सैपाक विचारला. मग म्हणाला, "पोरी, जरा चालून दाखव." पायात काही खोड आहे का हे बघायची तेव्हा तशी रीतच होती. ती पदर सावरत उठली. सकाळचं ते हसू कुठंच नव्हतं. मी ढेकळांत चाललो ते सोंग होतं, हौसेनं चाललो होतो. हिला मात्र बाजारातल्या कालवडीसारखं सगळ्यांपुढून जायचं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मामानं बजावलेलं विसरून मी बोललो, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नी चालाया लावू नगा."

पोरानं बघणं मध्येच थांबवलं म्हणजे मुलगी पसंत नाही, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला. ती होती तिथं उभी राहिली. बापानं अडकित्ता खाली ठेवला. "बरं. न्हाई पसंत तर न्हाई. पोरीला आत घ्या."

ती वळली. आता मी गप्प बसलो असतो तर अब्रू वाचली असती आणि ती गेली असती.

"पसंत हाय," मी म्हणालो. "सकाळी खळ्यावर मी त्यांच्याम्होरं चालून दाखवलंय. एका दिवसात एकानं चालून दाखवलं, तेवढं बास."

दाराआडून आवाज आला, "आगं बया, बहुरूपी."

बापानं मला नीट बघितलं. "म्हंजी ते मोजं तुमचं."

"व्हय."

"आन खळ्यात खिळ्याची भोकं?"

"तीबी माझीच."

"आन तितं झोपला कशापायी?"

"फुकट जागा व्हती," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. मामा आढ्याकडं बघत बसला.

तेव्हा मुलीला विचारायची पद्धत नव्हती. पण बापानं मान वळवली आणि विचारलं, "काय गं?"

ती दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाली, "आबा, त्यांचा डावा-उजवा चुकत व्हता." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आतून तेच सकाळचं हसू ऐकू आलं.

बापानं अडकित्ता उचलला, सुपारीचं खांड कातरून आधी माझ्या हातावर ठेवलं. "खळं तेवढं पैल्यासारखं सारवून द्या," तो म्हणाला. "आन रास पडली म्हंजी या. आमच्या खळ्यावरनं मोकळ्या हातानं कुनी गेलं न्हाई."